कायोटीसाठी काडतूस ठरेना

सेजफोर्क, वायोमिंग
मे महिना, कोकरांची धांदल सरत आलेली

तीर्थरूप एमेटदादास,

धाकट्या वर्नाचा वाकून नमस्कार. (वाकता येतं तेवढाच. लोकर कातरायच्या दिवसांपासून कंबर रुसली आहे, तेव्हा उरलेला नमस्कार मनाने समजून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाच्या उन्हाने ते मऊ झाले असतील तर चांगलंच, पण तू स्वतः मऊ पडला नसशील अशी आशा आहे. तुझी लेक लिहिते, की तू रोज सकाळी तिच्या पोहण्याच्या हौदात छातीएवढ्या पाण्यात येरझाऱ्या घालतोस आणि शेजारच्या म्हाताऱ्या काठावर खुर्च्या टाकून बघत बसतात. बघू देत बापड्या. इथे होतास तेव्हा तुझ्याकडे बघायला कुणी खुर्ची टाकल्याचं मला आठवत नाही. आम्ही सगळे ठीक. तुझ्या मेहुण्याचा, ऑरिनचा रक्तदाब बरा आहे आणि भूक त्याहून बरी. स्वयंपाकघरात शेगडीशेजारी खोक्यात दोन अनाथ कोकरं आहेत, त्यांना बाटलीने दूध पाजता पाजता हे लिहिते आहे. कागदावर कुठे डाग दिसला तर तो दुधाचा समज, अश्रूंचा नव्हे. अश्रूंचा मजकूर पुढे आहे.

आता तू म्हणशील, हिने पत्र लिहिलं म्हणजे हिला काहीतरी हवं असणार. अजिबात नाही. मला फक्त एका गोष्टीचं कुतूहल आहे आणि ते काही केल्या शमत नाही. लांबवरून कायोटी टिपायची आणि शिवाय रविवारी लोखंडी पाटीवर नेमबाजीही करायची, तर या दोन्हींना मिळून एकच रायफल घ्यावी का, घेतली तर कुठली, आणि तिच्यात काडतूस कुठलं? तुला वाटेल हा काय प्रश्न झाला. मलाही जानेवारीपर्यंत तसंच वाटत होतं.

गेल्या वसंतात कायोट्यांनी आमची किती कोकरं नेली ते तुला कळवलं होतं. (तू उत्तर दिलं नाहीस. दुःखाने शब्द फुटले नसतील असं मी धरून चालले.) त्यांच्यात एक फिकट रंगाची मादी आहे. कोल्ह्याच्या कुळातलीच बया, पण डोकं वकिलाचं. सापळा लावला की त्याला वळसा घालते, माणूस ठेवला की माणसाची जेवायची वेळ पाहून ठेवते. सरकारी सापळेवाला दोनदा येऊन गेला, तिच्या हुशारीचं तोंडभर कौतुक केलं, माझ्याकडचा जर्दाळूचा केक खाल्ला आणि परत गेला. त्यानंतर फेब्रुवारीत एका संध्याकाळी ऑरिनने ताटातला बटाटा अर्धा ठेवला. ऑरिनने बटाटा ठेवला म्हणजे घरात कुणीतरी गेलं असंच समजायचं. मला म्हणाला, “वर्ना, या वसंतात पण असंच झालं, तर ऑक्टोबरच्या बाजारात सगळ्या मेंढ्या काढून टाकू. नुसत्या गाई ठेवू. थकलो मी.”

दादा, मी काही बोलले नाही. (हे वाचून तुला हौदाचा काठ धरावा लागेल, ठाऊक आहे.) काय बोलणार? रात्र रात्र तोच जागतो, चिखलात तोच उतरतो, मेलेलं कोकरू उचलून आणतो तेही तोच. गाईंशी माझं वैर नाही, पण गाय आपल्याकडे बघते आणि तिला काहीच सुचत नाही. मेंढीला निदान चुकीचं तरी सुचतं. आई गेल्यापासून मी या मेंढ्यांमागे फिरते आहे. त्या गेल्या तर हे घर मला खायला उठेल, हे मी तुला स्पष्ट सांगते, कारण ऑरिनला सांगता आलं नाही. तेव्हा ठरवलं, की कायोट्या थांबल्या पाहिजेत आणि त्यासाठी धड रायफल पाहिजे. रविवारच्या नेमबाजीचं म्हणशील, तर ते माझं स्वतःचं खूळ. शेजारच्या लेलंड ऑस्टबीच्या कुरणात दर रविवारी गावातली मंडळी पालथी पडून पार टेकडीपलीकडच्या पाटीवर गोळ्या झाडतात, आणि गोळी सुटल्यावर कितीतरी वेळाने ‘टण्ण’ असा आवाज येतो. तो मधला वेळ मला फार आवडतो. त्या वेळात गोळी काय करत असते, याचा मी चर्चमध्येसुद्धा विचार करते.

तर मी विचारायला निघाले. पहिल्यांदा हॉलिसच्या दुकानात गेले. (पशुखाद्य, खिळे, बंदुका, वाढदिवसाची कार्डं. दुकान तेच, हॉलिसचं पोट तेवढं नवं.) हॉलिस म्हणाला दोनशे त्रेचाळीस नंबरचं काडतूस, डोळे मिटून घे. तिथेच शेगडीपाशी लेलंड कॉफी पीत बसला होता. तो म्हणाला, डोळे मिटूनच घ्यावं लागेल ते, उघड्या डोळ्यांनी कुणी घेणार नाही. कायोटीला बावीस-अडीचशेशिवाय पर्याय नाही. मागून पाद्रीबुवा कोंबड्यांचं खाणं न्यायला आले होते, त्यांनी आधी हवामानाची चौकशी केली आणि मग साडेसहा क्रीडमूर नावाच्या काडतुसाचा असा काही पुरस्कार केला, की तेवढा उत्साह त्यांनी ईस्टरलाही दाखवलेला नाही. तिघांचं जुंपलं. मी वहीत लिहून घ्यायला गेले तर तिघेही मलाच ओरडले, की हे लिहून घ्यायचं नसतं, समजून घ्यायचं असतं. गंमत बघ, तिघांनी उत्तरं दिली, पण मी किती लांबून मारणार, वारा कुठून येतो, रायफल उचलून न्यायची की गाडीतून, हे एकानेही विचारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात बिचारा ॲब टटल गेला. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅम आणि चीज घातलेले बटाटे वाढले होते, तिथे पुरुषमंडळी खाली मान घालून हळू आवाजात बोलत होती. मला वाटलं ॲबच्या आठवणी काढतायत. जवळ गेले तर वाऱ्याने गोळी किती सरकते याचा हिशेब चालला होता. एवढ्यात ॲबची बायको फर्न आमच्याकडे आली. लेलंडने तिचा हात हातात घेतला. फर्नने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “ॲब जन्मभर दोनशे त्रेचाळीसच म्हणत होता. आणि त्या माणसाची जन्मभरात एकही गोष्ट बरोबर निघाली नाही.” मग ती केक वाढायला निघून गेली. हॉलिस त्या दिवशी लवकर घरी गेला.

मी मात्र चिकाटी सोडली नाही. तुला यातलं सगळं ठाऊक आहे, तरी मी किती शिकले ते कळावं म्हणून लिहिते. नळीच्या आत पेच असतात, ते गोळीला भोवऱ्यासारखी फिरवून सोडतात. लांब, जड गोळीला घट्ट पेच लागतात. लेलंडच्या जुन्या बावीस-अडीचशेचे पेच सैल, म्हणून तिला आखूड, हलकी गोळीच मानवते. ती सुटते विजेसारखी, पण आपला वारा लागला की चारशे यार्डांच्या पुढे दुसऱ्या काउंटीत राहायला जाते. साडेसहाची गोळी जड, वाऱ्याला फारशी भीक घालत नाही. पण खांद्याला धक्का मोठा, त्याने दुर्बीण हलते आणि गोळी कुठे लागली ते दिसत नाही. म्हणजे चुकलो हे कळतं, कुठे चुकलो ते कळत नाही. (असे नवरे पुष्कळ असतात, पण रायफल तशी का घ्या?) शेवटी मी या दोघांच्या मधलं, सहा क्रीडमूर घेतलं. लांब बारीक गोळी, घट्ट पेच, धक्का बेताचा. नळी लवकर झिजते म्हणतात. मी म्हटलं, मी पण झिजले आहे, बघू आधी कोण निकालात निघतं. नेमबाजीसाठी म्हणून जाडजूड नळीची घेतली, पुढे दोन पाय असलेली, आणि वर अशी दुर्बीण, की त्यातून लेलंडच्या घरची दोरीवरची चादर ठिगळासकट दिसते.

घेतली खरी, पण उचलली तेव्हा कळलं की ही चांगल्या पोसलेल्या मेंढ्याएवढी जड आहे. ती खांद्यावर टाकून टेकडी चढले आणि वर पोचेपर्यंत माझा श्वास असा चालला होता, की त्या आवाजानेच अर्धं खोरं रिकामं झालं असणार. मग दोन पाय उघडून पालथी पडले. पालथं पडल्यावर काय दिसतं? सेजची झुडपं. चहूकडे सेजची झुडपं. शेवटी एका खडकाच्या आधाराने बसले, दुर्बीण पार टोकापर्यंत मोठी करून ठेवली, कारण कायोटी लांबवर दिसणार अशी माझी खात्री, आणि ससा मरताना ओरडतो तशी शिट्टी वाजवायला लागले. आता ही शिट्टी ऐकून कायोटी जवळ येते, त्यासाठीच ती वाजवायची असते, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. मी मात्र लांब पल्ल्याच्या नादात ते साफ विसरले. फिकट बया आली ती थेट बादली फेकून मारता येईल इतक्या जवळ. मी दुर्बिणीला डोळा लावला तर सगळीकडे नुसते केस. पुढचे की मागचे, पोटाचे की मानेचे, काही कळेना. मी दुर्बीण लहान करायची चकती शोधत होते, तोवर तिने माझी सँडविचची पिशवी हुंगली आणि ती निघून गेली. सँडविच घेतलं नाही. याचा मला जरा राग आला.

पण खरी फजिती एप्रिलमधल्या बर्फाच्या दिवशी झाली, आणि ती मी तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेली नाही. आमच्या आणि लेलंडच्या हद्दीवर जी घळ आहे, तिच्या अलीकडच्या काठावर मी भल्या सकाळी जाऊन बसले. या वेळी शिट्टी नको म्हटलं, आपण कायोटीसारखीच हाळी देऊ. तू शिकवली होतीस तशी मान वर करून ओरडले. पलीकडून लगेच उत्तर आलं! मी पुन्हा. ती पुन्हा. दादा, काय सांगू तुला, अंगावर काटा आला. सबंध सकाळ आमचं बोलणं चाललं. मी तिच्या आवाजावरून तिचा स्वभावसुद्धा ठरवून टाकला: वयस्कर मादी, मानी, थोडी एकटी पडलेली, पिल्लं लांब गेलेली. मी तर एकदा सांत्वनाच्या सुरात ओरडले. मग पलीकडच्या काठावर झुडूप हललं. मी दुर्बीण लावली (चापावर बोट नव्हतं, हे आधीच सांगते, तुझं शिकवणं विसरले नाही) आणि दुर्बिणीत हिरवी टोपी दिसली. टोपीवर हॉलिसच्या दुकानाचं नाव. टोपीखाली लेलंड, मान वर करून, डोळे मिटून ओरडत होता.

मी रांगत रांगत मागे सरकले आणि घरी आले. दुपारी राहवेना म्हणून परत गेले, घळीत उतरून बघितलं. बरोबर मध्यावर एक सपाट खडक आहे, त्यावर बर्फ वितळून कायोटीच्या अंगाच्या आकाराची जागा झाली होती. म्हणजे आमची मैफल चालली होती तेवढा वेळ ती बया मध्ये अंगाचं वेटोळं करून आरामात ऐकत पडली होती. मग पावलं आमच्याच कोकरांच्या कुरणाकडे गेलेली. त्या दिवशी एक कोकरू गेलं, दादा. डाव्या कानावर ठिपका असलेलं, जुळ्यांतलं मोठं. तेव्हा मी हसत नव्हते. आणि दुसऱ्या दिवशी हॉलिसच्या दुकानात लेलंड सगळ्यांना सांगत होता, की त्याने काल सकाळभर एका प्रचंड नराला बोलतं ठेवलं. घोगरा आवाज, म्हातारा, बहुतेक दमेकरी. मी माझी कॉफी संपवली. दुसरं काय करणार होते?

मग मी सरावाला लागले. खालच्या कुरणात जुन्या नांगराच्या सांगाड्याला साखळीने लोखंडी पाटी टांगली आणि गोठ्यापाशी जुनी गादी टाकून पालथी पडायला लागले. ऑरिन दोन दिवस लांबूनच बघून गेला. तिसऱ्या दिवशी येऊन उभा राहिला, म्हणाला वारा डावीकडून आहे. चौथ्या दिवशी म्हणाला, सरक जरा, दाखवतो. दाखवलं. गोळी सुटली, आम्ही थांबलो, खूप थांबलो. ‘टण्ण’ काही आलं नाही. त्याने वाऱ्याला नावं ठेवली, दुर्बिणीला ठेवली, गादीला ठेवली, आणि तेव्हापासून दादा, हा माणूस माझा राहिलेला नाही. सकाळची कामं उरकली की हा गादीवर. कुंपणाला जागोजागी माझ्या जुन्या झग्याच्या पट्ट्या बांधल्यात, वारा कळावा म्हणून. कोकरांना उंचवट्यावर चढायची हौस असते, आणि त्या सपाट कुरणात उंचवटा म्हणजे ऑरिनच. तीन-चार कोकरं त्याच्या पाठीवर उड्या मारत असतात आणि हा खाली श्वास रोखून नेम धरत असतो. पाटीला अजून ओरखडा नाही. पण त्या दिवसानंतर आजवर एकही कोकरू गेलेलं नाही! का, ते मला कळत नाही. बंदुकीच्या आवाजाने? यंदा ससे उदंड झालेत म्हणून? की दिवसभर कोकरांच्या मधोमध एक माणूस पडलेला असतो म्हणून? हॉलिसला विचारलं तर तो म्हणाला, हा दोनशे त्रेचाळीसचा प्रभाव असणार, माझ्याकडे ती नाही हे माहीत असूनसुद्धा.

आता नवं प्रकरण असं, की ऑरिनच्या मते ही रायफल पाटीला ठीक आहे, पण कायोटीला फार जड. तेव्हा कायोटीसाठी एक वेगळी, हलकी हवी. कुठल्या काडतुसाची, यावर तो रोज जेवताना बोलतो आणि रोज मत बदलतो. तर यात तुझं काय म्हणणं आहे ते सवडीने कळव. घाई मुळीच नाही. गुडघ्यांना जप, हौदात उगाच छाती काढून चालू नकोस, लेकीला आणि जावयाला माझा आशीर्वाद.

तुझी,
वर्ना

ता. क. — वर घाई नाही असं लिहिलं, ते खोटं आहे. घाई आहे, आणि उत्तर मला नको, ऑरिनला हवंय. त्याचं असं म्हणणं आहे, की आधी दुसऱ्या रायफलीचं काडतूस एकदाचं ठरू दे, मग शांतपणे बसून मेंढ्यांच्या विक्रीचं बघू. एका वेळी दोन गोष्टींचा विचार तो करत नाही, तुला माहीतच आहे. बाजारवाल्याला ऑगस्टअखेर कळवायचं असतं. तेव्हा दादा, तो जे काही म्हणेल त्याच्या विरुद्ध तू लिहायचं. तो दोनशे त्रेचाळीस म्हणाला तर तू वाऱ्याचं काढ, बावीस-अडीचशे म्हणाला तर पेचांचं काढ, साडेसहा म्हणाला तर धक्क्याचं काढ. सगळी कारणं मी वर क्रमाने दिलेली आहेत, तेवढ्यासाठीच दिली. तू त्याच्यासमोर पाण्याच्या टाकीवरच्या वारा दाखवणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्याची शेपटी उडवली होतीस (तो कोंबडा अजून उत्तरेला दक्षिण म्हणतो), तेव्हापासून बंदुकीच्या बाबतीत तो फक्त तुझं ऐकतो. काडतूस ठरत नाही तोवर माझ्या मेंढ्या माझ्या आहेत. मला याहून जास्त काही नको.

ता. क. २ — आत्ता खिडकीतून बघते तर ऑरिन गादीवर आहे, आणि फिकट बया त्याच्या पाटीच्या सावलीत पाय पसरून झोपली आहे. तिने सगळं कुरण फिरून सर्वांत सुरक्षित जागा शोधलेली दिसते. मी अजून त्याला सांगितलेलं नाही.

ता. क. ३ — एमेट, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं. वाचलं. काडतूस मी एप्रिलमध्येच ठरवलंय. दोनशे त्रेचाळीस. हॉलिसने रायफल बाजूला काढून ठेवली आहे, कुणाला बोलणार नाही म्हणाला. मेंढ्या मला विकायच्या नाहीत. फेब्रुवारीत थकून बोलून गेलो. वाटलं होतं ती भांडेल आणि मग मी ऐकेन. ती भांडलीच नाही. माझे शब्द मला मागे घेता येत नाहीत, माझा बाप पण तसाच होता. तू ऑगस्ट संपेपर्यंत मला विरोध कर. टेलिफोनवर कर, आणि मोठ्याने कर, म्हणजे तिला स्वयंपाकघरात ऐकू जाईल. — ऑरिन